सांदणची घळ

'वेड पांघरून पेडगावास जाणे' ही म्हण महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? परंतु म्हणीतले ते पेडगाव भीमेच्या काठचे, श्रीगोंदे तालुक्यातले. आमचे पेडगाव परभणी जिल्ह्यातले. परभणीहून मनमाडकडे निघालेल्या लोहमार्गावरचे हे एक लहानसे स्थानक आहे. येथे भीमा नाही, बहादूरगड नाही, आणि डोंगर तर औषधालाही नाही. चहूकडे काळी सपाट जमीन, कापूस, तूर, सोयाबीन, रब्बीत ज्वारी. आणि उंच असे काय म्हणाल, तर देवळाचे शिखर व रेल्वेचा सिग्नल. अशा गावी ज्यांचा जन्म गेला त्यांनी उतारवयात डोंगराच्या पोटात शिरावयाचे, म्हणजे पेडगावाहूनच वेड पांघरून निघावयाचे! गेल्या दिवाळीनंतर आम्ही तसे निघालो होतो. त्याची ही हकीकत.

निमित्त झाले आमच्या पुतण्याचे. हे चिरंजीव सहा वर्षे स्वित्झर्लंडात नोकरीस आहेत. दिवाळीस घरी आले की रात्रीच्या जेवणानंतर ओसरीवर आल्प्स पर्वताचे पुराण सुरू होते. ह्या खेपेस त्यांनी मायरिंगेन गावाजवळच्या घळीचे वर्णन केले. आर नावाच्या नदीने तेथे चुनखडीचा डोंगर चिरीत नेला आहे. चीर सुमारे चौदाशे मीटर लांब असून एके ठिकाणी तिची रुंदी जेमतेम एक-दोन मीटर आहे. हिमयुगातील हिमनद्यांच्या वितळत्या पाण्याने हे काम केले असे शास्त्रज्ञ सांगतात. १८८८ पासून कड्याच्या अंगास फळ्यांची वाट बांधून ती लोकांस खुली केली आहे. तिकीट काढावे, सावलीत चालावे, दुसऱ्या तोंडाने बाहेर पडून घरी जावे.

वहिनी पानांस चुना लावीत होत्या. त्या म्हणाल्या, "इतक्या लांब जाऊन भेगा पाहतोस, त्या आपल्या सह्याद्रीत नाहीत का रे?"

आमची कन्या पुण्यास शिकते व सुटीच्या दिवशी गड चढते. तिने तत्काळ उत्तर दिले, "आहे की काकू. साम्रदची सांदण दरी. फळ्याबिळ्या काही नाहीत, आपल्या पायांनी जायचं."

अण्णा, म्हणजे आमचे ज्येष्ठ बंधू, झोपाळ्यावर डोळे मिटून बसले होते. वय एकोणसत्तर, त्यांनी पाहिलेले डोंगर यात्रेपुरते, एक त्र्यंबकचा व एक तुळजापूरचा. डोळे न उघडताच ते म्हणाले, "मी येतो." घरात दोन दिवस ह्यावर खल झाला. गुडघे, रक्तदाब, लोक काय म्हणतील, सर्व मुद्दे पुढे आले. शेवटी वहिनींनी धपाट्यांचे पीठ मळावयास घेतले तेव्हा निकाल लागला असे आम्ही समजलो.

आमच्या स्थानकावर जलद गाड्या थांबत नाहीत, म्हणून परभणीस जाऊन रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस धरली. जालना, संभाजीनगर, मनमाड ही स्थानके झोपेतच मागे पडली. नाशिकरोडास उतरलो तेव्हा अंधार होता. तेथून भाड्याची मोटार करून घोटीकडे निघालो, आणि घोटी सोडल्यावर उजाडता उजाडता कळसूबाई दिसू लागली. महाराष्ट्रातले हे सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर. त्याच्या अंगावरचे आडवे थर पायऱ्यांसारखे एकावर एक रचलेले दिसत होते. पुतण्याने सांगितले, की आल्प्सचे खडक घडीच्या धोतरासारखे दुमडलेले, वाकलेले असतात. येथे मात्र सर्व थर सरळ, जणू कोणी जाजमे अंथरीत गेले आहे.

ह्यातले मर्म वाचकांस थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण पुढचे सर्व त्यावरच उभे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ह्या भूमीस लांबलचक भेगा पडून शिलारस बाहेर आला, पसरला, निवला. पुन्हा आला, पुन्हा निवला. तो निवालेला थरावरचा थर म्हणजे सह्याद्रीचा काळा कातळ. तोच कातळ पूर्वेकडे आमच्यापर्यंत व आमच्याही पलीकडे गेलेला आहे. तो ऊन-पावसात लक्षावधी वर्षे कुजून-झिजून त्याची जी माती झाली, तीत आमचा कापूस उभा राहतो. तेव्हा डोंगर नसलेल्या गावचे लोक डोंगर पाहण्यास निघाले हे खरे. पण आम्ही ज्या मातीवर चालत मोठे झालो ती ह्याच कातळाची आहे.

शेंडीपासून भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या कडेने रस्ता मुरशेत, पांजरे, उडदावणे अशी गावे घेत साम्रदकडे जातो. धरण प्रवरेवर आहे. काम १९१० साली सुरू झाले व १९२६ साली पुरे झाले. दगडी भिंत पायापासून सुमारे २७० फूट उंच. जलाशय नुकत्याच सरलेल्या पावसाने काठोकाठ भरलेला होता, आणि त्यात रतनगडाचे उलटे प्रतिबिंब पडले होते. कन्येने छायाचित्रे घेतली. अण्णांनी मोटार थांबवावयास लावली व रस्त्याच्या कडेस उभे राहून पाण्याकडे कितीतरी वेळ पाहिले. "हेच का ते?" एवढेच ते बोलले.

त्यांच्या ह्या 'ते' शब्दात काय भरले होते हे मराठवाड्यातील वाचक जाणतील. प्रवरा रतनगडाच्या कुशीत उगम पावते. नेवाशावरून, जेथे ज्ञानेश्वरांनी भगवद्गीतेवर टीका सांगितली त्या गावावरून वाहत जाऊन प्रवरासंगमास गोदावरीस मिळते. पुढे पैठणजवळ १९७६ साली पुरे झालेले जायकवाडीचे धरण, त्याचा नाथसागर, आणि नाथसागरातून निघणारा दोनशे किलोमीटरांहून लांब डावा कालवा. परभणी जिल्ह्यात त्या कालव्याच्या शेपटास ज्यांच्या जमिनी आहेत त्यांत आमचाही एक तुकडा आहे. पाण्याची पाळी कधी येते, कधी दिवस चुकवून येते, कधी येतच नाही; आणि न आली की चारीवर जमलेल्या मंडळींत 'वरच्यांनी अडवले' हे वाक्य कोणीतरी उच्चारतोच. आमच्या घरी ते वाक्य अण्णा उच्चारतात. २००५ च्या कायद्याने खोऱ्यातील पाण्याचे समन्यायी वाटप हे तत्त्व आले. २०१४ साली असे ठरले, की १५ ऑक्टोबरास जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे. आणि २०२३ च्या नोव्हेंबरात त्याप्रमाणे सोडलेही गेले. परंतु कायद्याने पाणी येते तेव्हा भांडणही बरोबरच येते. असो.

साम्रद हे नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, घाटमाथ्याच्या अगदी कडेस वसलेले लहान गाव. वस्ती मुख्यतः महादेव कोळी लोकांची. हा सर्व मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. ज्यांच्या घरी उतरावयाचे ठरले होते तेथील तिशीचा गृहस्थ आमचा वाटाड्या झाला. त्याच्याबरोबर दोराचे सामान वाहणारी दोन मुले होती, कारण पुतण्याचा बेत घळीत शिरून दोराने खाली उतरण्याचा व कोकणात डेहण्यास बाहेर पडण्याचा होता. आम्ही व अण्णांनी पहिल्या कड्यापर्यंत जाऊन परतावे असे ठरले. वहिनी वाटाड्याच्या आईजवळ पडवीत बसल्या.

घळ बाहेरून दिसतच नाही. कारवीच्या झुडपांतून वाट जाते, जमीन थोडीशी खाली घसरते, आणि एकाएकी दोन्ही बाजूंस भिंती उभ्या राहतात. आमच्याकडे उन्हाळ्यात रानास भेगा पडतात. कधी कधी वासराचा पाय जाईल इतक्या रुंद. अण्णांनी कातळावर हात ठेवला, वर पाहिले आणि म्हणाले, "आपल्याच रानातली भेग आहे की ही. फक्त आपण मुंगी झालो." आम्ही आजवर घळींची पुष्कळ वर्णने वाचली आहेत, ह्याहून नेमके वर्णन आठवत नाही.

भिंती दोनशे फुटांहून उंच, आणि काही जागी अंतर इतके थोडे की दोन्ही हात पसरले असता दोन्हीकडचा दगड लागतो. वर आकाशाची एक निळी पट्टी. ऊन खाली पोचते ते दुपारी घटकाभर. तळाशी वाट म्हणून नाही. कड्यांवरून सुटलेले धोंडे, काही पेटीएवढे, काही खोलीएवढे, एकमेकांवर रेलून पडलेले आहेत व त्यांच्या खालून पाण्याचा बारीक आवाज येत असतो. धोंड्यावर बसावे, पाय सोडावे, खालचा दगड हलत नाही ना ते पाहावे, मग भार टाकावा. शंभर पावलांत आम्हांस घाम फुटला. अण्णांनी धोतराचा काचा मारला होता, आणि आयुष्यभर ढेकळांतून चाललेले त्यांचे पाय आमच्या बुटांहून अधिक शहाणे निघाले.

दोन ठिकाणी पाण्याची डबकी आडवी येतात. पहिले गुडघाभर. दुसरे हिरवेगार, बर्फासारखे थंड आणि कमरेच्या वर. वाटाड्याने भिंतीच्या कडेने दोर धरविला व आम्हांस एकेक करून पलीकडे नेले. तेथे कन्येने विचारले, की पावसाळ्यात येथे काय होत असेल? वाटाड्याने वर बोट दाखविले. दोन पुरुष उंचीवर, दोन भिंतींच्या मध्ये, एक वाळलेले झाड आडवे अडकलेले होते.

"ते पाण्यानं ठेवलंय," तो म्हणाला. पावसाळ्यात येथे कोणासही उतरू देत नाहीत.

सुमारे दोन तासांनी पहिल्या कड्यापाशी आलो. येथे घळीचा तळ एकदम सुमारे ४५ फूट खाली जातो, व त्यापुढे कोकणाकडचा निळसर धूसर प्रदेश उघडा पडतो. मुलांनी दोर बांधला. पुतण्याने कमरेस पट्टे आवळले, शिरस्त्राण चढविले, दोर हातात घेतला व पाठ दरीकडे केली. अण्णा धोंड्यावर बसून मुलाकडे पाहत होते. ते काही बोलले नाहीत, पण जानवे चिमटीत धरून फिरवीत होते. ही त्यांची काळजीची खूण आम्ही लहानपणापासून जाणतो.

इतक्यात वाटाड्या वाकला. धोंड्यांच्या फटीत एक ओंजळभर पाणी साचले होते, त्याकडे तो पाहत राहिला. नंतर उठून म्हणाला, "दादा, पट्टे सोडा. माघारी चला."

पुतण्यास ते पटेना. वर आकाशाची पट्टी होती तशीच निळी होती. "अरे, पण ऊन आहे! वीस मिनिटांचं काम. दोर बांधून झाला आहे. स्वित्झर्लंडाहून आलो आहे मी ह्यासाठी."

"पाणी गढूळलं," वाटाड्या म्हणाला. "इथं वरचं आभाळ दिसत नाही, दादा. गावावरलं आभाळ कसं आहे, ते हे पाणीच सांगतं."

पुतण्याने आमच्याकडे पाहिले, आम्ही अण्णांकडे पाहिले. मोठ्यांनी काय सांगावयाचे ते एका शब्दात सांगावयाचे, ही आमच्या घरची रीत. अण्णा म्हणाले, "सोड." पट्टे सुटले. त्या क्षणी मुलाच्या चेहऱ्यावर जो राग होता तो आम्ही विसरलेलो नाही, आणि तोही विसरला नसेल.

परतीची वाट चढाची. पाऊण वाट गेल्यावर निळी पट्टी करडी झाली व मोठाले थेंब पडू लागले. नोव्हेंबरातला अवकाळी पाऊस! आमच्याकडे तो आला की फुटलेला कापूस भिजतो. येथे त्याची दुसरी ओळख झाली. कड्यांवरून जागोजाग पाण्याच्या दोऱ्या उतरू लागल्या. धोंड्यांखालचा बारीक आवाज मोठा झाला. वाटाड्याने घाई केली नाही, एवढे मात्र सांगितले पाहिजे; तो केवळ थांबू देत नव्हता. मोठ्या डबक्यापाशी आलो तो पाणी तांबूस झालेले व आमच्या छातीस लागणारे. त्याने अण्णांस पाठुंगळी घेतले. पुतण्या पुढे दोर धरून, मागे कन्या, मध्ये आम्ही. पाण्यास ओढ लागली होती. पाय उचलला की तो ठरल्या जागी पडत नव्हता. अंतर किती? ओसरीपासून विहिरीपर्यंतचे. परंतु ते ओलांडताना आम्हांस घरची सर्व माणसे एकेक करून आठवली, हे लिहिण्यास संकोच वाटत नाही.

बाहेर येऊन कारवीत बसलो. पाऊस अर्ध्या तासात थांबलाही. वाटाड्याने आम्हांस वरच्या कडेने नेऊन एका जागेवरून खाली पाहावयास लावले. जेथून आम्ही आलो होतो तेथे धोंडे दिसत नव्हते. काढ्याच्या रंगाचे पाणी भिंतीपासून भिंतीपर्यंत कोकणाकडे धावत होते. पुतण्या बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने वाटाड्याचा हात दोन्ही हातांत धरला व काहीच बोलला नाही.

रात्री चुलीपाशी त्याने एक गोष्ट सांगितली. ती त्यास अगोदरपासून माहीत होती. मग ओसरीवर का सांगितली नाही, असे आम्ही विचारले नाही. मायरिंगेनपासून फार दूर नसलेल्या झाक्सेट ओढ्याच्या घळीत २७ जुलै १९९९ रोजी हौशी प्रवाशांच्या टोळ्या वाटाड्यांसह उतरल्या होत्या. वर वादळी पाऊस झाला आणि एकाएकी लोंढा आला. एकवीस माणसे गेली, त्यांत तीन वाटाडेही होते. "तिथं सगळं होतं, काका," तो म्हणाला. "दोर, टोप्या, शिकलेली माणसं." वाटाड्या चुलीत लाकूड सारीत ऐकत होता. त्याने विचारले, "पाणी कुणी बघितलं नाही का?"

दिवसभरात वहिनींनी पडवीत बसून जे मिळविले होते ते आता बाहेर आले. म्हातारीने त्यांस सांगितले होते, की शिमगा उलटला की गावच्या झऱ्यावर रात्री हंड्यांच्या रांगा लागतात. वहिनींस आधी हे खरेच वाटले नाही. घाटघर-साम्रदच्या ह्या टापूत वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. आमच्या परभणीकडे नऊशेच्या घरात. समोर तुडुंब जलाशय! परंतु कातळ पाणी धरून ठेवीत नाही. पडलेला पाऊस घटकाभरात उतरून जातो, आणि जलाशय गावाच्या खाली आहे. "आमच्या अंगावरून जातंय, बाई," म्हातारी म्हणाली होती, "हातात कुठं राहतंय?"

अण्णा हातातली नाचणीची भाकरी तशीच धरून ऐकत होते. त्यांनी वाटाड्यास विचारले, "आज आम्ही पाहिलं ते पाणी कुठं गेलं?"

"ते कोकणात गेलं, आजोबा. समुद्रात."

"आणि तुमच्या घराच्या मागच्या अंगाला पडलं ते?"

"ते धरणात. पुढं तुमच्याकडं."

सकाळी त्याने आम्हांस गावाबाहेरच्या सपाटीवर नेले. पाणी कोठे फुटते ते दाखवा, असा अण्णांचा हट्ट होता. दाखविण्यासारखे तेथे काही नाही. भाताची कापलेली खाचरे, थोडे गवत, एक बांध. बांधाच्या पश्चिमेस जो थेंब पडेल तो घळीतून खाली जाऊन अरबी समुद्रास मिळावयाचा. पूर्वेस पडेल तो प्रवरेतून, गोदेतून, पैठण, गंगाखेड करीत बंगालच्या उपसागरास, मध्ये कोणी चारीत वळविला नाही तर. अण्णा बांधावर दोन्हीकडे पाय टाकून उभे राहिले. कन्येने छायाचित्र घेतले. मग त्यांनी वाकून खाचरातली चिमूटभर माती घेतली, बोटांत चुरडली व म्हणाले, "तांबडी आहे. अजून काळी व्हायची आहे." भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने हे बरोबर नाही, अतिवृष्टीच्या टापूत माती तांबडीच होते, असे पुतण्याने समजावून सांगितले. अण्णांनी ते ऐकून घेतले.

निघताना वहिनींनी उरलेली धपाटी म्हातारीस दिली. ती तिला फार आवडली. ज्वारी तिकडे पिकत नाही. वहिनींनी कबूल केले, की नवी निघाली की पाठवीन.

पुतण्या परत गेला. जानेवारीत पाण्याची पाळी चार दिवस उशिरा आली. चारीवर मंडळी जमली होती, नेहमीचे वाक्य कोणीतरी उच्चारले. अण्णा फावडे घेऊन बांध नीट करीत राहिले. मार्चात ज्वारी निघाली तेव्हा त्यांनी एक पोते बाजूस काढून शिवून घेतले. पेडगावाहून साम्रदास पोते पाठविणे ही सोपी गोष्ट नव्हे. परभणीचा एक मालमोटारवाला घोटीपर्यंत नेण्यास कबूल झाला, आणि घोटीहून पुढची सोय वाटाड्याने केली. आठ दिवसांनी त्याचा दूरध्वनी आला. पोते पोचले होते, भाकऱ्या झाल्या होत्या. झऱ्यावर रांग लागू लागली होती का, हे अण्णांनी विचारले. दहा-बारा दिवस झाले, असे तो म्हणाला.